शाळेबाहेरचा शिकता दिवस: नागपूरच्या घरासाठी कामे, खेळ आणि नोंदी

मुलांना घरीच शिकवायचे असे ठरले की बहुतेक आईवडील पहिल्या आठवड्यातच भिंतीवर फळा लावतात, इयत्तेची सगळी पाठ्यपुस्तके आणतात आणि सकाळी आठ ते दुपारी एक अशा तासिका आखतात. ही मांडणी क्वचितच टिकते. शाळेच्या तासिका चाळीस-पन्नास मुलांना एका खोलीत सांभाळण्याच्या गरजेतून आलेल्या असतात. घरी एक किंवा दोन मुले असतात, त्यांची अडचण जागच्या जागी कळते, आणि म्हणून बसून करायचा अभ्यास एक-दीड तासात आटोपतो. खरा प्रश्न उरलेल्या दिवसाचा असतो आणि हा लेख त्याच दिवसाविषयी, साधारण पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना समोर ठेवून लिहिला आहे. घरात आणि गावात जे काम खरोखरच चालू असते त्यात मुलाला खरा वाटा द्यावा आणि त्या कामातून निघालेला एखादा प्रश्न मोजून, लिहून तडीस न्यावा, असे माझे अनुभवाअंती झालेले ठाम मत आहे.

हा विचार आपल्या मुलखाला परका नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातकामाच्या आधाराने शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि तीच पुढे नयी तालीम म्हणून ओळखली गेली. सूत कातताना तारांची लांबी मोजावी लागते, कापसाचे वजन करावे लागते, कापूस कुठून आला हे विचारावे लागते. म्हणजे गणित आणि भूगोल कामातूनच वर येतात. वर्ध्याजवळचे सेवाग्राम, म्हणजे गांधीजींचा आश्रम, नागपूरपासून एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक नागपूरकर कुटुंबाने तिथे एक दिवस अवश्य घालवावा.

वेळापत्रक उन्हाच्या कलाने

नागपुरात वर्षभर एकच वेळापत्रक चालत नाही. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, सकाळी नऊनंतर मुलांना बाहेर ठेवता येत नाही आणि संध्याकाळी सहापर्यंत मैदान तापलेले असते. म्हणून उन्हाळ्यात साडेपाच-सहाला उठून बाहेरची सर्व कामे आधी उरकावी, बसून करायचा अभ्यास आठ ते साडेनऊ ठेवावा, जेवणानंतर झोप आणि घरातले खेळ ठेवावे. हिवाळ्यात हाच क्रम उलटा करणे सोयीचे पडते: सकाळच्या थंडीत लिहिणे-वाचणे आणि अकराच्या कोवळ्या उन्हात गच्ची किंवा अंगण. पावसाळ्यासाठी कोणतेही वेळापत्रक करू नये. उघाड पडली की बाहेर पडावे, एवढा एकच नियम पुरतो.

दिवसात तीनच गोष्टी पक्क्या असाव्यात: बसून करायचा अभ्यास, मोठ्याने वाचन आणि मुलाच्या वाट्याचे घरकाम. घरकाम हे मुलाला गुंतवून ठेवण्यासाठी काढलेले नसावे. माठ भरणे, कूलरच्या टाकीतले पाणी पाहणे, कुंड्यांना पाणी देणे, डाळ-तांदूळ निवडणे अशी कामे न केल्यास घराचे अडते आणि हे अडणे मुलाला कळते. सहा वर्षांच्या मुलाला एक काम पुरे; दहा वर्षांच्या मुलाकडे दोन-तीन सोपवता येतात. ही कामे वारंवार बदलू नयेत, कारण एकच काम दोन-तीन महिने केल्याशिवाय त्यात सफाई येत नाही.

सामानावर फार खर्च करू नये. कापडी मोजपट्टी, पोलादी फूटपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, प्रयोगशाळेत वापरतात तसे लाल द्रवाचे दोन तापमापक (ताप पाहायचा तापमापक या कामाचा नाही आणि पाऱ्याचा मुलांच्या हाती देऊ नये), सुतळी, खडू, आलेखाची वही आणि कोऱ्या पानांची एक जाड नोंदवही एवढ्यावर दोन वर्षे निघतात.

गच्चीवरचा शंकू

एकच उपक्रम वर्षभर चालवायचा झाला तर मी हा निवडेन. त्याला लागणारे सगळे गच्चीवर आहे आणि नागपूरच्या अक्षांशामुळे त्यात एक असा टप्पा येतो, जो दिल्लीच्या मुलांना कधीच पाहायला मिळत नाही.

लाकडाच्या लहान ठोकळ्यात एक सरळ बारीक काठी घट्ट बसवावी. सावली मोजण्याची ही उभी काठी म्हणजेच शंकू. जमिनीपासून काठीच्या टोकापर्यंतची उंची बरोबर ३० सेंटीमीटर ठेवावी. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करावा आणि काठी दोन बाजूंनी तपासून उभी करावी. दिवसभर ऊन राहील अशा सपाट जागी ठोकळा ठेवून त्याची कड ऑइल पेंटने जमिनीवर आखावी, म्हणजे तो रोज त्याच जागी बसेल.

पहिल्या दिवशी सकाळी सव्वादहाच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करून वेळ लिहावी. काठीच्या बुंध्यापासून त्या खुणेपर्यंत सुतळी ताणून, तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ खडूने काढावे. सावली आखडत वर्तुळाच्या आत येते आणि दुपारी पुन्हा लांबते. दीडनंतर मुलाला तिथेच बसवावे आणि टोक वर्तुळाला शिवले की दुसरी खूण करून वेळ लिहावी. या दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते आणि बुंध्यातून तिला काढलेला लंब दक्षिणोत्तर असतो. दोन वेळांच्या बरोबर मधली वेळ हे त्या दिवशीचे नागपूरचे खरे माध्यान्ह. ही रीत आपल्याकडे शुल्बसूत्रांइतकी, म्हणजे यज्ञवेदीच्या मोजमापांच्या प्राचीन ग्रंथांइतकी, जुनी आहे आणि होकायंत्र हाती देण्याआधी ती मुलाने स्वतः करावी, असा माझा आग्रह आहे.

माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही, हे पाहून मुले पहिल्यांदा चकित होतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नागपूर ७९ अंशांच्या जरा पुढे आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्य इथे सुमारे साडेतेरा मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. त्यातही वर्षभर फरक पडतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला माध्यान्ह बाराच्या दोन-तीन मिनिटे आधी होते, तर फेब्रुवारीच्या मध्यावर ते बारा वाजून अठ्ठावीस मिनिटांपर्यंत जाते.

यानंतर दर पंधरा दिवसांनी माध्यान्हीची सावली मोजून तारखेसह लिहावी. २२ डिसेंबरच्या आसपास ती जवळजवळ काठीइतकीच, म्हणजे ३० सेंटीमीटरच्या अगदी जवळ भरते. २१ मार्चला ती साडेअकरा सेंटीमीटरवर येते. त्यानंतर ती आखडत जाते आणि २६ मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी, नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. नागपूर सुमारे २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो. दुसरी वेळ जुलैच्या मध्यानंतर लगेच येते, पण तेव्हा बहुधा ढग असतात. या दोन दिवसांच्या मधल्या काळात माध्यान्हीची सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला आभाळ मोकळे असेल तर ती एक सेंटीमीटरच्या जरा वर, पण उलट बाजूला दिसते. हे मुलाला आधी सांगू नये. वर्षभर उत्तरेकडे खुणा करणारे मूल जूनमध्ये दक्षिणेला खूण करायला वाकते तेव्हा त्याच्याकडून जो प्रश्न येतो, त्याच्या उत्तरासाठी मग पृथ्वीगोल काढावा.

सहा-सात वर्षांच्या मुलाने खुणा कराव्यात आणि सुतळीचे तुकडे कापून तारखेप्रमाणे कागदावर चिकटवावेत. नऊ-दहाच्या मुलाने आलेख काढावा. मेमध्ये डोक्याला ओला रुमाल बांधूनच वर जावे, दहा मिनिटांत खाली यावे आणि सूर्याकडे थेट पाहू नये.

स्वयंपाकघर, बाजार आणि संत्री

स्वयंपाकघरातले गणित म्हणजे केवळ वाट्या मोजणे, अशी समजूत असते. त्याच्या पुढे जावे. तर्री-पोह्यांसाठी रात्री चणे भिजवायचे असतील तर कोरडे १०० ग्रॅम चणे मुलाने तोलावेत आणि सकाळी पाणी निथळून पुन्हा तोलावेत. वजन जवळपास दुप्पट होते. ते कुठून आले, उरलेले पाणी किती, वाटाणा आणि मूग यांचेही असेच होते का, हे प्रश्न पुढच्या चार रविवारांना पुरतात. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि सांडगे वाळतात तेव्हा हाच खेळ उलट्या दिशेने खेळता येतो.

संत्र्यांचे मात्र जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे आणि मृग बहाराची फेब्रुवारीनंतर बाजारात येतात, म्हणजे वर्षातले कितीतरी महिने हे साधन हाताशी असते. सोलण्याआधी फोडींचा अंदाज करायला सांगावे, मग सोलून मोजावे आणि प्रत्येक संत्र्याची नोंद ठेवावी. बहुतेकांत दहा-अकरा-बारा फोडी निघतात. बारा फोडींतून अर्धा, तिसरा भाग, पाव आणि सहावा भाग सहज होतो. अकरा निघाल्या की तिघांत वाटताना भांडण होते आणि बाकी म्हणजे काय हे त्या भांडणात जितके स्पष्ट होते तितके वहीवर होत नाही.

मोठ्या मुलासाठी सालीचा प्रयोग आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे तो इथे फार सोपा पडतो. एक शक्य तितके गोल संत्रे आडवे कापून कापलेली बाजू कागदावर टेकवावी आणि कडेने पेन्सिल फिरवावी. तेवढीच पाच वर्तुळे शेजारी-शेजारी काढावीत. आता दोन्ही अर्ध्यांची साल काढून तिचे नखाएवढे तुकडे करावेत आणि एकेक वर्तुळ फटी न ठेवता भरत जावे. साडेतीन वर्तुळे भरून चौथे बरेचसे भरत येते. पूर्ण गोल वस्तूच्या पृष्ठभागाने बरोबर चार वर्तुळे भरतात; संत्रे वरून-खालून चपटे असल्यामुळे थोडी साल कमी पडते. हे सूत्र मुलाला पुढे आठवी-नववीच्या वयात भेटेल, तेव्हा ते त्याने हाताने आधीच भरलेले असेल.

बाजारासाठी एक ठरावीक वार धरावा. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार किंवा आपल्या वस्तीतला जो असेल तो. मुलाच्या हाती दोनशे रुपये आणि पाच वस्तूंची यादी द्यावी आणि आपण चार पावले मागे राहावे. भाव विचारणे, पाव किलोचे पैसे मनात काढणे, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी वर मागून घेणे आणि उरलेले पैसे मोजणे हे सर्व त्याचे त्याने करावे. विक्रेत्याने आपल्याकडे पाहून उत्तर दिले तर आपण मुलाकडे पाहावे. दोन-तीन आठवड्यांत सवय होते. टोमॅटोचा भाव दर आठवड्याला लिहून ठेवला तर सहा महिन्यांत जो आलेख तयार होतो, त्यावर आठ वर्षांचे मूलही पाऊस आणि भाव यांचा संबंध जोडू लागते.

बंद दारांच्या दुपारी

कूलर प्रत्येक घरात असतो, म्हणून बाष्पीभवनाचा प्रयोग त्याच्यापाशीच करावा. दोन तापमापक शेजारी टांगावेत, एकाच्या खालच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळावी आणि पंखा लावून दहा मिनिटांनी दोन्ही वाचावेत. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी, कूलर बंद ठेवून केल्यास, ओला तापमापक पंधरा-वीस अंशांनी खाली दिसू शकतो. हाच प्रयोग जुलैत झडीच्या दिवशी केला तर फरक दोन-तीन अंशांचाच राहतो. पावसाळ्यात कूलर का कामाचा नाही, माठातले पाणी तेव्हा मेइतके गार का होत नाही, याचे उत्तर मुलाने दोन ऋतूंच्या नोंदी समोर ठेवून स्वतः लिहावे.

चंगाअष्टे हा पाच गुणिले पाच घरांचा खेळ जमिनीवर खडूने आखता येतो. चिंचोके फोडून चार अर्धुके घ्यावीत. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. जितकी पांढरी तितकी घरे, चारही पांढरी पडली तर चार आणि एकही नाही तर आठ. खेळ अंगवळणी पडला की मुलाला विचारावे, कोणते दान सर्वांत जास्त वेळा पडते? चार चिंचोके पडण्याचे एकूण सोळा प्रकार होतात. त्यांत दोन पांढऱ्यांचे सहा, एक आणि तीनचे प्रत्येकी चार, चार आणि आठचा प्रत्येकी एकच. शंभर दाने टाकून रेघोट्यांनी मोजावे. चिंचोक्याच्या दोन्ही बाजू सारख्या नसल्यामुळे हाती येणारे आकडे या हिशेबाशी तंतोतंत जुळत नाहीत आणि कोणता चिंचोका कुठल्या बाजूला झुकतो हे शोधण्यात मोठी मुलेही रमतात.

सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब मीटरवर मिळते. तिचे दोन सेंटीमीटरचे तुकडे आणि गुल काढून टाकलेल्या आगकाड्या जोडून आकार करता येतात. अरविंद गुप्ता यांनी ही कल्पना देशभर पोचवली. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच तिरका होतो, आणि त्यात एक कर्ण टाकला की तोही ताठ उभा राहतो. घराजवळच्या लोखंडी पुलावर किंवा मोबाइलच्या मनोऱ्यावर मग मूल आपोआप त्रिकोण शोधते.

श्रावण संपता-संपता तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी बैल घरी तयार करावा. सुताराकडून आकार कापून आणला तरी चालेल. पॉलिश पेपरने घासणे, चाकांचा आस बसवणे, रंग आणि झूल मुलाने करावी. चाक सरळ का फिरत नाही याचा शोध एक आख्खी दुपार खातो आणि ती खाऊ द्यावी.

भाषा

नागपूरचे मूल घरी मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलते, आणि दोन्हींची सरमिसळ करते. त्याला टोकू नये. रोज वीस मिनिटे मोठ्याने वाचून दाखवले तर प्रमाण मराठी कानावर पक्की बसते, आणि मूल स्वतः वाचू लागल्यानंतरही हे वाचन बंद करू नये. आजी-आजोबांच्या बोलीतल्या गोष्टी आणि म्हणी ज्या उच्चारात सांगितल्या त्याच उच्चारात मुलाने लिहून घ्याव्यात. लेखनासाठी निबंध देण्यापेक्षा खरे कारण द्यावे: बाजाराची यादी, मामाला पत्र, कुंड्यांना पाणी देण्याची शेजाऱ्यांसाठी लिहिलेली सूचना. सूचना वाचून शेजाऱ्याचा गोंधळ झाला तर वाक्य कुठे चुकले हे मुलाला शिकवावे लागत नाही.

संध्याकाळ मोकळी

घरी शिकणाऱ्या मुलाला सोबती कसे मिळणार, हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि तो रास्त आहे. वस्तीतली शाळकरी मुले संध्याकाळी साडेपाचनंतर मोकळी होतात. ती वेळ आपल्या घरी कोणत्याही कामासाठी वापरू नये. लगोरी, गिल्लीदांडा, कंचे, लपंडाव यांत वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र खेळतात, नियम स्वतः ठरवतात, तंटे स्वतः मिटवतात. या वेळेत मोजपट्टी, वही आणि पालकांचे प्रश्न मैदानापासून दूर ठेवावेत. संक्रांतीला पतंग जरूर उडवावा, पण साध्या सुती दोऱ्याने. नायलॉन मांजावर बंदी आहे आणि तो पक्ष्यांच्या आणि दुचाकीस्वारांच्या जिवावर उठतो.

आठवड्यातला एक दिवस शहरात

जाण्याआधी मुलाने एकच प्रश्न लिहून घ्यावा आणि त्याचे उत्तर मिळाले की परतावे. १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, एका दिवसात पाहून होत नाही. एका खेपेला एकच दालन पाहावे आणि तिथल्या एका वस्तूचे चित्र काढावे. रमण विज्ञान केंद्रात मुलाला हव्या त्या यंत्रापाशी हवा तितका वेळ थांबू द्यावे. कामठी रस्त्यावरच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात रुळांमधले अंतर मोजून ते ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरशी ताडून पाहावे. मेट्रोच्या नकाशावरून ऑरेंज मार्ग आणि अॅक्वा मार्ग कुठे छेदतात ते शोधून सीताबर्डीला गाडी कशी बदलायची, हे दहा वर्षांच्या मुलाने ठरवावे आणि आपण त्याच्या मागे चालावे.

नाग नदीचा नकाशा हा कित्येक आठवड्यांचा उपक्रम होतो. अंबाझरीपासून सुरुवात करून ती शहरातून कुठून जाते ते पुलापुलांवरून पाहावे आणि मोठ्या कागदावर रेखाटावे. सांडपाण्यामुळे पात्रात उतरू नये. मग नकाशाच्या आधारे पुढे जावे: नागचे पाणी कन्हानला, कन्हानचे वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, प्राणहिता गोदावरीला, आणि शेवटी बंगालचा उपसागर. गच्चीवरच्या नळाचे पाणी कुठे जाते, या प्रश्नाला मुलाने बोट ठेवून दिलेले हे उत्तर असते.

नोंदवही आणि परीक्षा

रोज संध्याकाळी मुलाने तारीख घालून एक आकृती किंवा दोन-चार ओळी लिहाव्यात आणि पालकांनी वेगळ्या वहीत आपले निरीक्षण लिहावे: कशात रमले, कुठे अडले, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला. दर तीन महिन्यांनी ही वही राज्याच्या पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिकांशी ताडून पाहावी. पाढे, भागाकार, शुद्धलेखन यांसारखी सरावाची कौशल्ये उपक्रमांतून आपोआप पक्की होत नाहीत. त्यांना सकाळच्या बैठकीतच वेळ द्यावा लागतो, आणि हे मान्य न केल्यामुळे पुढे पुष्कळ घरांची अडचण होते.

शिक्षणहक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तो ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शालेय शिक्षणाविषयी आहे आणि त्यात घरी शिकवण्याची स्वतंत्र व्यवस्था सांगितलेली नाही. म्हणून निर्णय घेण्याआधी तो कायदा आईवडिलांनी स्वतः वाचावा. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे आणि तिथे माध्यमिक परीक्षेसाठी किमान वय १४ वर्षे आहे. त्याच संस्थेचे मुक्त मूलभूत शिक्षण तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या अ, ब, क अशा तीन स्तरांवर चालते. बारावे वर्ष लागताच त्यांचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम पाहून विषय निवडावेत, वेळ लावून उत्तरे लिहिण्याचा सराव आठवड्यातून एकदा सुरू करावा आणि जन्मदाखला, आधार कार्ड व छायाचित्रे एका फाइलमध्ये लावून ठेवावीत. मूल आधी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा दाखला त्याच वेळी मागून घ्यावा, कारण काही वर्षांनी तो काढायला फार हेलपाटे पडतात.